मुखवट्याला डोळे कुठं असतात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की जत्रा-उत्सवातली सोंगं, मुखवटे, देवाचे पोशाख यांचे फोटो काढताना काही अडलं असेल तर लिहा. वाटलं होतं चार-पाच पत्रं येतील. आली ती एवढी की निम्मी बाजूला ठेवावी लागली, आणि त्यातल्या निम्म्यांत एकच प्रश्न की कुठला कॅमेरा घेऊ. त्याचं उत्तर इथं मिळणार नाही, सॉरी. बाकीचे घेते.

प्रश्न: ताई, वैशाखात मोखाड्याकडं बोहाड्याला, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवतात त्या उत्सवाला, गेलो होतो. रात्रभर जागून चारशे फोटो काढले आणि घरी येऊन बघतो तर धड असे पाचही नाहीत. अर्धे हललेले, अर्ध्यांवर हिरवे-पिवळे पट्टे. कॅमेरा चांगला आहे, ऑटोवर होता. काय चुकलं?

ऑटोवर होता हेच चुकलं. अंधार दिसला की ऑटो काय करतं, शटर जास्त वेळ उघडं ठेवतं, एक तीसांश सेकंद वगैरे, आणि तेवढ्यात समोरचं सोंग दोन पावलं पुढं येऊन मागं वळलेलं असतं. शटर तू स्वतः ठरव. १/२५० च्या खाली शक्यतो जाऊ नकोस, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) लेन्स देईल तेवढं उघड म्हणजे १.८ किंवा २.८, आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० वर बिनधास्त ने. दाणे येतात, येऊ देत. दाणेदार फोटो चालतो, हललेलं नाक चालत नाही.

आता पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे मांडवातले साधे एलईडी आणि ट्यूबा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, आपल्या डोळ्याला कळत नाही पण फास्ट शटरला कळतं. त्यावर उपाय म्हणजे १/१०० किंवा १/५०, आणि इथंच गोची आहे कारण वर मी १/२५० म्हटलं. नव्या कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर नावाचं सेटिंग असतं ते चालू कर, नसेल तर सोंगं यायच्या आधी रिकाम्या मांडवाचे दहा-बारा फोटो वेगवेगळ्या शटरवर काढून बघ, कुठल्या कोपऱ्यातला दिवा त्रास देतोय ते तिथंच कळेल आणि मग तू दुसऱ्या कोपऱ्यात उभा राहशील. मला हे कळायला तीन बोहाडे लागले.

रंगाचं म्हणशील तर उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तेवढा नारिंगी, मोठा तेवढा निळसर. टेंभ्याची ज्योत असते साधारण १९०० केल्विनची, हॅलोजन ३२०० च्या आसपास आणि पांढरा एलईडी ६००० च्या पुढंमागं, आणि हे तिन्ही एकाच मुखवट्यावर तीन बाजूंनी पडतात. सगळं बरोबर होणारच नाही, नाद सोड. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढ, व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) ३५०० च्या जवळपास एकदाच लावून टाक आणि ज्योत नारिंगी दिसली तर दिसू दे, ती नारिंगीच असते.

आणखी एक, जे सेटिंगपेक्षा महत्त्वाचं आहे. पहिला अर्धा तास कॅमेरा गळ्यात ठेव आणि संबळ ऐक. सोंग लयीत पुढं येतं, मागं जातं आणि वळण्याच्या आधी एक क्षण मान थांबते, लाकडी मुखवटा जड असतो, आतल्या माणसाला तोल सावरावाच लागतो. तो क्षण कानाने पकडता येतो. गणपती-सरस्वतीची सोंगं सुरुवातीला येतात तेव्हा गर्दी कमी असते, तिथं सराव करून घे. आणि एक वाजता झोपायला जाऊ नकोस, देवी आणि महिषासुराची लढाई शेवटाला असते, पहाटेचं आभाळ निळं व्हायला लागलेलं आणि इकडं दिवे अजून पिवळे, ती वीस मिनिटं मिळाली तर बाकीचे तीनशे नव्वद फोटो डिलीट केलेस तरी चालेल.

प्रश्न: मी डिसेंबरात केरळात कन्नूरला जातेय. तेय्यमचे, म्हणजे माणसाच्या अंगात देव येतो त्या तिथल्या विधीनृत्याचे, मास्क शूट करायचेत. बॅकस्टेजला जाऊ देतात का? मुलगी म्हणून काही अडचण?

पहिली गोष्ट, तेय्यमला बहुतेक वेळा मास्क नसतोच गं. गुळिकनसारखी काही तेय्यमं सुपारीच्या पोवलीचा मुखवटा लावतात, पण बाकी जे दिसतं ती चेहऱ्यावरची रंगवणूक असते आणि डोक्यावर मुडी म्हणजे तो अवाढव्य मुकुट. एकदा एका साप्ताहिकाने माझ्या फोटोखाली 'मुखवटाधारी नर्तक' असं छापलं होतं आणि नंतर कन्नूरच्या एका ओळखीच्या माणसाने मला ते वाचून दाखवायला लावलं, भाषांतर करून. कुठं तोंड लपवावं कळेना.

बॅकस्टेज म्हणजे अणियरा. झावळ्यांचा आडोसा असतो, आत माणूस उताणा झोपलेला असतो आणि त्याच्या डोक्याशी दुसरा बसून नारळाच्या पातीच्या हीराने चेहऱ्यावर रेघा काढत असतो. ब्रश नाही, हीर. एकेक रेघ केसाएवढी, आणि झोपलेला माणूस कधीकधी खरंच झोपी जातो कारण मोठा चेहरा असेल तर दोन-दोन तास लागतात. इथं जाऊ देतात का? पुष्कळ ठिकाणी देतात, विचारलं तर. विचारायचं कुणाला तर कावूच्या (तिथल्या देवस्थानाच्या) कमिटीतल्या माणसाला आणि मग रंगवणाऱ्याला, त्या झोपलेल्याला नाही, तो बोलू शकत नाही, ओठ रंगवत असतात. बाई म्हणून कुठल्या भागात जायचं नाही हे कावूनुसार बदलतं, आधीच विचारून टाक म्हणजे ऐनवेळी कुणी हटकणार नाही. चपला बाहेर, हे सांगायला नको.

मुडी बांधून झाल्यावर त्या माणसाच्या हातात आरसा देतात. तो आरशात बघतो आणि त्यानंतर तो कालचा ओळखीचा माणूस राहत नाही, लोक त्याला हात जोडतात, त्याच्याशी देवाशी बोलावं तसं बोलतात. फोटोग्राफर मंडळी या आरशाच्या क्षणासाठी जीव टाकतात, मीही टाकला होता. माझ्या कॅमेऱ्याचा फोकस-असिस्टचा नारिंगी दिवा बंद करायचा राहिला होता आणि तो नेमका त्या आरशावर पडला. कुणी ओरडलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी फक्त माझ्या लेन्सवर तळहात ठेवला आणि तो तसाच ठेवला, मुडीवाला उठून बाहेर जाईपर्यंत. तर तो दिवा आजच, हे वाचता वाचता, मेनूत जाऊन बंद कर. शटरचा आवाजही.

साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून मे संपेपर्यंत हंगाम चालतो, त्यामुळे डिसेंबर बरोबर निवडलास. पारशिनीकडवूला मुत्तप्पन या देवाचं तेय्यम रोज होतं ते बघच, पण तिथं आत फोटो काढू देत नाहीत, कॅमेरा खोलीवर ठेवून जा. खरं सांगू का, पहिलं तेय्यम कॅमेऱ्याशिवाय बघितलं की दुसऱ्याचे फोटो सुधारतात.

प्रश्न: फ्लॅश मारायचा की नाही?

नाही. आतला माणूस दोन बारीक भोकांतून बघत असतो, बाहेर मशाली असतात, पायाखाली ओबडधोबड जमीन असते. त्याला दोन सेकंद आंधळं करून मिळणारा फोटो चपटाच येतो, वर आणि शिव्या.

प्रश्न: लडाखला हेमिसचा छाम, म्हणजे मठातल्या लामांचा मुखवटे घालून होणारा नाच, शूट केला. कॅमेऱ्याचं आय-फोकस (डोळे शोधून फोकस करणारं सेटिंग) मुखवट्याच्या डोळ्यांवर मस्त बसलं, फोटो शार्प आहेत, पण मेल्यासारखे दिसतात. काय कमी आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. तुमचा एखादा फोटो मोठा करून मुखवट्याचं तोंड बघा. छामचे बरेच मोठे मुखवटे असे असतात की आतला लामा रंगवलेल्या डोळ्यांतून बघतच नाही, तो उघड्या जबड्याच्या फटीतून बघतो. वर वटारलेले तीन लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचे डोळे, कॅमेरा खूश होऊन त्यांनाच धरतो, आणि खरे डोळे खाली सुळ्यांच्या मागे अंधारात चमकत असतात. तिथं फोकस न्या. आय-फोकस बंद, एकच पॉइंट, हाताने जबड्यावर.

हेमिस साडेतीन हजार मीटरच्या वर आहे आणि दुपारचं ऊन तिथं असं पडतं की तोंडाची फट काळी ठिक्कर होते. अंगणाच्या सावलीच्या कडेला थांबा. नाचणारा सावलीत आला आणि समोरच्या उन्हातल्या फरशीवरून उजेड परत त्याच्या तोंडावर उडाला की आतले डोळे उजळतात. मी एकदा त्या फटीत चष्मा बघितलाय, चष्म्याच्या काचेत अख्खं अंगण.

ही सवय बाकीकडंही लावून घ्या. कुठलाही मुखवटा समोर आला की आधी शोधायचं, आतला माणूस बघतोय कुठून? कधी नाकपुडीतून, कधी भुवईखालच्या चिरेतून. ते कळलं की तुम्ही कुठं उभं राहिलात तर त्याला दिसाल आणि कुठं त्याच्या पायात याल हेही कळतं.

प्रश्न: लाल पोशाखाचा नुसता लगदा दिसतो आणि शिमग्यातला संकासूर काळा असून राखाडी येतो. एडिटिंग शिकू का?

आधी एक्स्पोजर शिका, एडिटिंग नंतर. लालाचं असं होतं की साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो पण तीन रंगांतला एकटा लाल चॅनल उडालेला असतो, मग कापडाच्या चुण्या, जर, टिकल्या सगळं एका रंगात विरघळतं. आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). संकासुराचं बरोबर उलटं कारण, मीटरला जग मधल्या राखाडीचं वाटतं म्हणून काळा झगा दिसला की तो उजेड वाढवतो. तिथंही कमीच करा, एक स्टॉप. फक्त बाजूने येणारा उजेड शोधा, नाहीतर काळं कापड, काळी टोपी आणि काळी रात्र यातून एक पांढरी दाढी तेवढी तरंगताना दिसेल, जे खरं म्हणजे वाईटही दिसत नाही.

प्रश्न: बंगालमधल्या पुरुलियाच्या छऊ नाचामध्ये उडी नेमकी पकडता येत नाही.

१/१०००, बर्स्ट म्हणजे एका दाबात लागोपाठ फोटो, आणि धम्सा (मोठा ढोल) वाजायला लागला की बोट तयार. पण सारखं गोठवत बसू नका. त्या मुखवट्यांच्या शिरपेचात तारांवर मणी आणि पिसं लावलेली असतात आणि नाचणारा छाती-खांदे थरथरवतो तेव्हा ती सगळी झुळझुळतात, ते १/६० ला बघा, चेहरा स्थिर आणि भोवती चांदीचं धुकं. आणि दोरीच्या आत जाऊ नका. तो गिरकी घेऊन गुडघ्यांवर येतो, त्याला बाजूचं काही दिसत नसतं. ओडिशातल्या मयूरभंजला गेलात तर मुखवटेच नाहीत, तिथल्या छऊत चेहरा उघडा असतो, हे आधी सांगितलं कारण मागे एकजण तिथं मुखवटे शोधत फिरले होते.

प्रश्न: आजकाल सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. मग काही ठिकाणी फोटोबंदी कशाला? उलट फोटोमुळे परंपरा जगापुढं येते ना?

हे वाक्य मला दर महिन्याला ऐकू येतं आणि दर वेळी विचारावंसं वाटतं, जगापुढं यायचंय असं त्यांनी कुठं म्हटलंय?

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातले होपी लोक घ्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या नाचांना ट्रायपॉडवाल्यांची झुंबड उडायची, पुढं त्यांनी फोटो बंद केले, आज त्यांच्या गावात स्केचसुद्धा काढायचं नाही. त्यांचे जे मुखवटे आपण म्हणतो त्यांना ते वस्तू मानत नाहीत, जिवंत मानतात. २०१३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये असे सत्तरच्या आसपास मुखवटे लिलावात निघाले, होपींनी कोर्टात जाऊन बघितलं, थांबलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात परत लिलाव झाला तेव्हा अ‍ॅनेनबर्ग फाउंडेशनने गुपचूप बोली लावून २४ वस्तू घेतल्या आणि त्या होपी आणि सॅन कार्लोस अपाची लोकांना परत दिल्या. आता यात फोटोचा काय संबंध म्हणाल, तर लिलावाचा कॅटलॉग फोटोंचाच असतो. जी गोष्ट बघायचीसुद्धा विशिष्ट माणसांनी विशिष्ट दिवशी, तिचा गुळगुळीत कागदावर रंगीत फोटो, खाली नंबर आणि अंदाजे किंमत.

जपानच्या दक्षिणेला याएयामा बेटांवर आकामाता-कुरोमाता नावाची सोंगं येतात, तिथंही फोटो, व्हिडिओ, रेकॉर्डिंग सगळं बंद. आणि त्याच भागात मियाको बेटावर पांतू येतो, अंगभर चिखल आणि वेली, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला चिखल फासतो, नवं घर असो की नवा कॅमेरा, त्याचे फोटो मात्र जगभर आहेत. म्हणजे एक बेट हो म्हणतं, शेजारचं नाही म्हणतं. दोघांनाही आपापली कारणं आहेत आणि ती आपल्याला पटलीच पाहिजेत असं काही नाही.

प्रश्न: फोटो इन्स्टावर टाकला, तो एका जणाने न विचारता पोस्टरवर छापला. कॉपीराइट माझा की नाचणाऱ्याचा?

फोटोचा कॉपीराइट साधारणपणे काढणाऱ्याचा, १९५७ चा कायदा आहे, काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. पोस्टरवाल्याला नोटीस पाठवू शकता. पण व्हिडिओ काढला असेल तर गोष्ट बदलते, कारण त्याच कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क आहे, पन्नास वर्षांचा, आणि हलत्या चित्रांचं रेकॉर्डिंग त्यात येतं.

कायद्याचं झालं. आता मला सांगा, फोटोखाली तुम्ही काय लिहिलं होतं? मी तुमची पोस्ट बघितली, स्वतःचं नाव आहे, लेन्सचं नाव आहे, अकरा हॅशटॅग आहेत. गावाचं नाव नाही, सोंगाचं नाव नाही. पुरुलियाचे छऊ मुखवटे बाघमुंडीजवळच्या चारिदा गावात बनतात, अख्खी गल्ली कागद, माती आणि कापडाचे थर देत बसलेली असते, २०१८ मध्ये त्या मुखवट्यांना जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का मिळालाय, आणि तरी हजारो फोटोंखाली 'ट्रायबल मास्क, इंडिया' एवढंच. नाचणाऱ्याला विचारा तुमचं नाव लिहू का. काहीजण आनंदाने हो म्हणतात, काहीजण म्हणतात देवाचं लिहा, माझं नको. जे म्हणतील ते लिहा. आणि प्रिंट पाठवा. मोबाइलवर पाठवलेला फोटो नव्या फोनबरोबर जातो, प्रिंट भिंतीवर राहतो, पुढच्या वर्षी तुम्ही गेलात की तुम्हाला चहा आणि उभं राहायला चांगली जागा मिळते.

प्रश्न: आजोबांनी जमवलेले जुने मुखवटे घरी आहेत. भिंतीवरच फोटो काढले, सगळे मठ्ठ दिसतात.

समोरून सरळ उजेड टाकलात म्हणून. मुखवटा घडवणाऱ्याने उंचवटे-खळगे उजेडासाठीच केलेले असतात. जपानी नो नाटकातला मुखवटा हिनोकी लाकडाचा असतो, एकच चेहरा, पण नटाने तो जरासा वर केला की हसरा वाटतो, त्याला तेरू म्हणतात म्हणजे उजळणं, आणि खाली झुकवला की उदास, ते कुमोरू, ढग येणं. बदलते फक्त सावली. मग भिंतीवर उंच टांगून, खालून मोबाइल धरून काढलेल्या फोटोत तुमच्या आजोबांचा मुखवटा कुठला मूड दाखवेल?

खाली उतरवा, डोळ्यांच्या उंचीला ठेवा, लेन्स ८५ ते १०० मिलिमीटर म्हणजे नाक फुगणार नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने, दुसरीकडं पांढरा कागद. मग मुखवटा दोन-दोन अंश झुकवत जा आणि बघत राहा. चकाकी फार असेल तर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर). मागची बाजूही काढा, नक्की काढा. आत कपाळाशी घामाने काळी झालेली कडा दिसली, बांधायच्या दोरीची भोकं झिजलेली दिसली तर हा नाचलेला मुखवटा आहे, शोभेचा नाही.

प्रश्न: उत्सवाच्या गर्दीत नीट पोर्ट्रेट मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पोशाख घालायला लावून शांतपणे काढलं तर ती फसवणूक का?

लपवलं तर फसवणूक. फ्रेंच फोटोग्राफर शार्ल फ्रेजेने युरोपभर हिवाळी सोंगांचे असेच फोटो काढले, केसाळ, घंटावाले, शिंगवाले, उत्सव सोडून मोकळ्या माळावर उभे करून, २०१२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो उत्सव दाखवल्याचा आव आणत नाही, पोशाख दाखवतो, आणि पेंढा कसा बांधलाय, घंटा कुठं अडकवल्यात हे गर्दीतल्या फोटोत कधीच एवढं दिसणार नाही. फक्त सगळीकडं हे चालत नाही. तेय्यमच्या माणसाला दुसऱ्या दिवशी मुडी घाला म्हणणं म्हणजे काय मागतोय ते एकदा मनातल्या मनात म्हणून बघा.

मी बोहाड्याच्या दुसऱ्या दिवशी एका काकांना विचारलं होतं, जरा उन्हात मुखवटा घालता का म्हणून. ते आत गेले, कापडात गुंडाळलेला घेऊन आले, सोडला, पण घातला नाही. मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, काढ आता. रात्री ज्या चेहऱ्याला अख्खं गाव हात जोडत होतं तो मांडीवर, आणि वर काकांचा स्वतःचा चेहरा, झोप न झालेला. कपाळावर मुखवट्याच्या कडेचा वळ अजून तसाच होता. फोकस मी तिथं ठेवला.